बारा चिप्स, तीन घराणी आणि प्रोग्रामर मात्र एकच हवा

मावसभावाने प्लॅस्टिकचा डबा उघडून टेबलावर ठेवला. काळ्या फोममध्ये खोचलेल्या अकरा मायक्रोकंट्रोलर चिप्स आणि शेजारी एक निळा बोर्ड. एटीमेगा ३२८ पाच, एटीटायनी ८५ चार, कुणीतरी पसारा आवरताना देऊन टाकलेल्या पिक १६एफ६२८ए दोन, आणि तो निळा बोर्ड म्हणजे 'ब्ल्यू पिल', एसटीएम३२एफ१०३ बसवलेला. तोवर त्याचं सगळं काम आर्डुइनो उनो या तयार बोर्डवर चालायचं. यूएसबी केबल लावली, अपलोड दाबलं, झालं.

"दादा, हे सगळं एकाच प्रोग्रामरवर झालं पाहिजे. आणि स्वस्तात."

प्रोग्रामर म्हणजे चिपमध्ये कोड भरणारं यंत्र. त्यातलं एक त्याने पसंतही करून ठेवलं होतं. वर झिफ सॉकेट, खटका दाबला की चिप घट्ट बसते, आणि हजारो चिप्स चालतात अशी जाहिरात. फोटो दाखवताना त्याचे डोळे चमकत होते. मी लगेच नाही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "एका संध्याकाळी तू कोड किती वेळा बदलतोस?"

"वीस-पंचवीस वेळा तरी."

"मग पंचवीस वेळा ब्रेडबोर्डवरून चिप उपटून सॉकेटमध्ये घालणार, आणि पंचवीस वेळा परत बसवणार?"

इथून आमचं प्रकरण सुरू झालं. पुढे काही महिने ते चाललं. त्यात त्याच्या चुका झाल्या तशा माझ्याही झाल्या. सगळं क्रमाने लिहितो, कारण अशीच यादी घेऊन येणारा तो पहिला नाही.

मुळात प्रोग्रामर कशाला

उनोवर प्रोग्रामर लागत नाही, कारण त्यातल्या चिपमध्ये बूटलोडर आधीच भरलेला असतो. हा छोटा प्रोग्राम सिरियलवरून येणारा कोड स्वतःच फ्लॅशमध्ये, म्हणजे चिपच्या कायमच्या स्मृतीत, लिहितो. कारखान्यातून आलेली कोरी चिप पाटी कोरी घेऊन येते. तिच्याशी बोलायचं तर तिची स्वतःची भाषा लागते, आणि ही भाषा घराण्यागणिक वेगळी. जुन्या एव्हीआर चिप्सना (एटीमेगा, एटीटायनी याच घराण्यातल्या) डेटाच्या मोसी, मिसो, क्लॉकची एससीके आणि रीसेट अशा चार तारा लागतात, वर वीज आणि ग्राउंड. पिकला डेटा, क्लॉक आणि एमसीएलआर. एसटीएम३२ ला एसडब्ल्यूडीच्या दोन तारा. २०१६ मध्ये मायक्रोचिपने ॲटमेल विकत घेतली, त्यामुळे पिक आणि एव्हीआर आज एकाच छपराखाली आहेत. म्हणून जुन्या चिप्सच्या बोलीभाषा काही एक झाल्या नाहीत.

तेव्हा 'सगळं एकात' ही मागणीच तपासून बघायला हवी होती. झिफ सॉकेटवाला डबा वाईट नसतो. जुन्या ईप्रॉम, गॅल, बायोसच्या फ्लॅश असली कामं करणाऱ्याला तो हवाच. भावाचं काम तसलं नव्हतं. त्याला चिप जागेवरच ठेवून कोड बदलायचा होता आणि निळा बोर्ड तर त्या सॉकेटमध्ये बसणारही नव्हता. असल्या बऱ्याच डब्यांना बाजूला सहा पिनांचा कनेक्टर असतो आणि त्यावरून जागेवर प्रोग्रामिंग होतं. पण त्याच कामासाठी अंगठ्याएवढा यूएसबीएएसपी हा एव्हीआरचा प्रोग्रामर मिळत असताना एवढा डबा कशाला?

पिकचा निकाल

हा सगळ्यात आधी लागला. त्या दोन चिप्स फुकट मिळाल्या होत्या, म्हणून भावाचा जीव त्यांत अडकला होता. १६एफ६२८ए ला खात्रीने प्रोग्राम करायचं तर एमसीएलआरवर १२ व्होल्टच्या पुढेमागे दाब द्यावा लागतो. कमी व्होल्टेजचा मार्ग आहे, पण त्यात आरबी४ ही पिन अडकून पडते, आणि तो पर्याय देणारा बिट कुणी आधीच बंद केला असेल तर १२ व्होल्टला पर्याय उरत नाही. हातातल्या चिप्स वापरलेल्या. कुणी काय करून ठेवलंय कुणास ठाऊक.

मायक्रोचिपचा स्नॅप हा स्वस्तातला अधिकृत पर्याय, पण तो १२ व्होल्ट देतच नाही. पिकिट २ या तिच्याच जुन्या प्रोग्रामरचा नकाशा आणि फर्मवेअर (आतला प्रोग्राम) कंपनीनेच खुलं केलं होतं, म्हणून त्याच्या नकला चिकार मिळतात आणि जुन्या पिकसाठी त्या बऱ्या चालतात. मात्र नंतर बाजारात आलेल्या चिप्स त्याच्या यादीत नाहीत. पिकिट ३ च्या नकला तर एमपीलॅब या मायक्रोचिपच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांत ओळखल्याच जात नाहीत, कारण तिथे अस्सल पिकिट ३ चाही आधार काढून टाकलाय. (जुन्या काळी सिरियल पोर्टवरच चालणारा, त्याच पोर्टच्या तारांतून १२ व्होल्टची जुळवाजुळव करणारा एक प्रोग्रामर लोक घरी बनवायचे. आजच्या यूएसबी-सिरियल ॲडॅप्टरवर तो चालवायच्या नादी लागू नका. मी लागलो होतो.)

दोन चिप्स फुकट, आणि त्यांच्यासाठी वेगळा प्रोग्रामर, वेगळा कंपायलर, वेगळी सवय. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्या दोन चिप्सवर जे करायचं ते टायनी ८५ वर होणार होतं. पिक परत फोममध्ये गेल्या. भाऊ थोडा हिरमुसला, पण बजेटमधला मोठा खड्डा तिथेच बुजला.

मग काय घेतलं

एव्हीआरसाठी यूएसबीएएसपीची एक नक्कल आणि ब्ल्यू पिलसाठी एसटी-लिंक व्ही२ या एसटीएम३२ च्या प्रोग्रामरची काडीसारखी नक्कल. दोन्ही मिळून त्या झिफवाल्या डब्यापेक्षा बरेच स्वस्त. शिवाय उनो घरात होताच. 'आर्डुइनो ॲज आयएसपी' हे स्केच, म्हणजे आर्डुइनोचा प्रोग्राम, टाकलं की तोही प्रोग्रामर बनतो (आयएसपी म्हणजे चिप जागेवरच ठेवून प्रोग्राम करणं). पिन १० वरून रीसेट, ११ मोसी, १२ मिसो, १३ एससीके. स्केच चढवून झाल्यावर उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा, नाहीतर संगणक पोर्ट उघडतो तसा उनो स्वतःच रीसेट होऊन बूटलोडरमध्ये शिरतो आणि आपल्या चिपपर्यंत निरोपच जात नाही.

"मग यूएसबीएएसपी घ्यायचाच कशाला?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. महिन्यातून एकदा बूटलोडर भरणाऱ्याला उनो पुरतो. मी तसं त्याला सांगितलंही. पण उनो दुसऱ्या प्रयोगात गुंतलेला असतो, सहा सुट्या तारा दर वेळी लावाव्या लागतात आणि त्यातली एक हटकून निसटते. आणखी एक कारण होतं, ते मी त्याला तेव्हा नीट समजावलं नाही: एव्हीआरशी बोलायचे दोन वेगळे रस्ते हाताशी असले की बिघाड कुठे आहे ते कळतं. एकच रस्ता असला तर चिप मेली, तार तुटली की प्रोग्रामर बिघडला, हे ठरवायला काहीच साधन नसतं.

यूएसबीएएसपी हे थॉमस फिशल यांचं खुलं डिझाइन. आत एक एटीमेगा ८ आणि १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, यूएसबीसाठी वेगळी चिपच नाही. यूएसबीचा सगळा संवाद सॉफ्टवेअरने निभावलेला. म्हणून तो स्वस्त पडतो आणि म्हणूनच त्याच्या नकला बेसुमार. बोर्ड तोच असला तरी आतलं फर्मवेअर कोणत्या सालचं निघेल याचा नेम नाही.

पहिली संध्याकाळ

पहिला अडथळा विंडोजचा. उपकरण दिसतं, वर पिवळं चिन्ह, ड्रायव्हर नाही. झाडिग नावाचं छोटं साधन घेऊन लिबयूएसबीचा ड्रायव्हर चढवला आणि ते मिटलं. लिनक्सवर ड्रायव्हरची कटकट नसते, परवानगीची असते. यूडेव्हचा एक नियम लिहिला की तीही जाते.

दुसरा अडथळा खरा होता. कोरी एटीमेगा ३२८पी ब्रेडबोर्डवर. पाय १ रीसेट, १७ मोसी, १८ मिसो, १९ एससीके, ७ आणि २० ला वीज, ८ आणि २२ ग्राउंड. एव्हीआरड्यूड हा चिपमध्ये कोड भरायचा संगणकावरचा प्रोग्राम चालवला आणि उत्तर आलं, 'इनिशियलायझेशन फेल्ड'. त्याच्या आधी एक ओळ: एससीकेचा कालावधी बदलता येत नाही, फर्मवेअर अद्ययावत आहे का बघा.

"दादा, ही चिप मेली का रे?"

चिप ठणठणीत होती. कारखान्यातून ३२८पी येते ती आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर, पण आठाने भागून, म्हणजे प्रत्यक्षात १ मेगाहर्ट्झवर. नियम असा की प्रोग्रामरचं एससीके चिपच्या घड्याळाच्या पाव पटीपेक्षा कमी हवं, म्हणजे इथे २५० किलोहर्ट्झच्या खाली. यूएसबीएएसपी मुळात ३७५ किलोहर्ट्झने बोलतो. ३७५ ची चौपट दीड मेगाहर्ट्झ. त्याखालच्या घड्याळाची चिप असेल तर हा इतक्या भराभर बोलतो की तिला शब्दच कळत नाहीत. नवं फर्मवेअर असेल तर एव्हीआरड्यूडला '-बी' हा पर्याय देऊन वेग कमी करता येतो. आमच्याकडचं जुनं होतं, ते ऐकत नव्हतं, आणि ती सूचना त्याचीच होती. एरवी घड्याळ जलद असलेल्या चिपवर हीच सूचना दिसली तर खुशाल दुर्लक्ष करावं.

उपाय बोर्डावरच होता: जेपी३ नावाचा जंपर. तो जोडला की एससीके सुमारे ८ किलोहर्ट्झवर उतरतं. आमच्या नकलेवर जेपी३ ची नुसती दोन भोकं होती, पिना नव्हत्या. भावाने त्यात तारेचा एक तुकडा खोचला आणि पुन्हा आज्ञा दिली. पडद्यावर सिग्नेचर, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक, उमटली: १ई ९५ ०एफ. तो खुर्चीवरून उठलाच.

पण ८ किलोहर्ट्झ म्हणजे मुंगीची चाल. फ्लॅशमधल्या एका बाइटसाठी साधारण चार बाइटांची आज्ञा जाते. पूर्ण ३२ किलोबाइट भरायचे तर दहा लाखांवर बिट, म्हणजे नुसतं पाठवायलाच सव्वादोन मिनिटांच्या आसपास, पडताळणी पुन्हा तेवढीच. म्हणून आधी फक्त फ्यूज, म्हणजे घड्याळ वगैरे ठरवणारी चिपमधली सेटिंग, बदलायचा. लो फ्यूज ६२ चा ई२ केला की आठाचा भागाकार जातो, चिप खऱ्या ८ मेगाहर्ट्झवर पळते, मग जंपर काढून भरधाव काम. हे दोन टप्पे कळले की यूएसबीएएसपीबद्दलच्या निम्म्या तक्रारी संपतात, असं माझं मत आहे.

पाचातली एक चिप मात्र अजून हट्टाला पेटली होती. सिग्नेचर वाचली जायची, पण १ई ९५ १४, आणि एव्हीआरड्यूड पुढे जाईना. भिंगाखाली धरली तेव्हा कळलं, पाठीवर '३२८' आहे, 'पी' नाही. ती वेगळी चिप, सिग्नेचर वेगळी. आज्ञेत नाव बदललं आणि काम झालं. चुकीची सिग्नेचर आली तर ती आधी डेटाशीटशी ताडून पाहावी. सगळी शून्यं किंवा सगळे एफएफ आले तरच तार, वीज किंवा वेग बघायचा.

फ्यूजने घेतलेले दोन बळी

दुसऱ्या आठवड्यात फोन. चांगली चालणारी ३२८पी अचानक मुकी झाली होती. त्याने आर्डुइनोच्या मेनूतून उनो निवडून 'बर्न बूटलोडर' दाबलं होतं. तिथे नुसता बूटलोडर भरला जात नाही, आधी फ्यूजही लिहिले जातात, आणि उनोचा लो फ्यूज एफएफ, म्हणजे बाहेरचा क्रिस्टल. ब्रेडबोर्डवर क्रिस्टल नव्हताच. चिपचं घड्याळ थांबलं, आणि घड्याळ थांबलं की आयएसपीही थांबतं.

हा बळी परत आणता येतो. पाय ९ आणि १० वर १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला, दोन्ही टोकांना २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर देऊन ग्राउंडला जोडले, आणि चिप लगेच बोलती झाली. फ्यूज परत ई२. पाच मिनिटांचं काम. पण फोन येईपर्यंत त्याने प्रोग्रामरच बिघडला असं ठरवून दुसरा शोधायला सुरुवात केली होती. स्वस्त प्रोग्रामरचा खरा खर्च असा वाढतो: संशय घेऊन आणखी एक घ्यायचा, मग त्याच्यावरही संशय. त्या दिवशी मी त्याला एक ३२८पी बाजूला काढायला लावली. क्रिस्टल न लागणारे फ्यूज, एलईडी लुकलुकवणारा कोड, आणि पाठीवर व्हाइटनरचा ठिपका. काहीही अडलं की आधी ही ठिपकेवाली चिप लावायची. ती बोलली तर प्रोग्रामर आणि तारा निर्दोष. ती बोलली नाही तर उनोचा रस्ता धरून तिलाच विचारायचं.

उनोचा आणखी एक उपयोग त्याच आठवड्यात झाला. यूएसबीएएसपीमधलं जुनं फर्मवेअर बदलायला दुसरा प्रोग्रामर लागतो, कारण तो स्वतःच स्वतःला भरू शकत नाही. जेपी२ जोडला, उनोच्या तारा त्याच्या दहा पिनांच्या सॉकेटला लावल्या, नवं फर्मवेअर चढवलं. त्यानंतर '-बी' चालू लागला आणि तारेचा तो तुकडा कायमचा निघाला.

दुसरा बळी टायनी ८५ चा. आठ पायांची चिप, त्यातले दोन विजेचे, एक रीसेट, उरतात पाच. त्याला सहा हवे होते. डेटाशीटमध्ये आरएसटीडिसबीएल असा फ्यूज सापडला, हाय फ्यूज डीएफचा ५एफ केला, सहावी पिन मिळाली. कोड चालला. दुसऱ्या दिवशी कोडमध्ये एक चूक दिसली आणि ती दुरुस्त करता येईना. आयएसपीला रीसेटची तार लागतेच, ती आता साधी पिन झाली होती. यूएसबीएएसपी काय आणि उनो काय, दोघांचेही हात टेकले.

इथून परत यायचा मार्ग १२ व्होल्टचा. रीसेटच्या पायावर ११.५ ते १२.५ व्होल्ट दिले की फ्यूज काहीही म्हणो, चिप हाय व्होल्टेज सिरियल पद्धतीने ऐकते. उनो, एक एनपीएन ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचे काही रेझिस्टर आणि १२ व्होल्टचा ॲडॅप्टर एवढ्यावर ते जमवता येतं. पाय ५ ला डेटा, ६ ला आज्ञा, ७ वरून उत्तर, २ वर क्लॉक, आणि १ वर १२ व्होल्ट. ती जोडणी आम्ही एका रविवारी केली. पहिल्यांदा ट्रान्झिस्टर उलटा लागला होता म्हणून तास गेला. मग फ्यूज परत डीएफ झाला आणि चिप सुटली.

मला कबूल केलं पाहिजे, निवड करताना मी हा प्रसंग धरलाच नव्हता. १२ व्होल्ट देणारा प्रोग्रामर असता तर हा रविवार वाचला असता. म्हणून मी मत बदललं का? नाही. अडकलेली टायनी ८५ एक होती, चूक एक होती, आणि उनोवरची ती जोडणी आता एका पट्टीवर सोल्डर होऊन खणात पडली आहे. पण ज्याला रीसेटची पिन नेहमीच वापरायची असेल त्याने पहिल्या दिवसापासून १२ व्होल्टचा हिशेब धरावा.

३.३ व्होल्टचं सोंग

हे मात्र मला आधी सांगायला हवं होतं. भावाचा मुख्य प्रयोग म्हणजे बॅटरीवर चालणारा तापमापक, त्यात एनआरएफ२४एल०१ हे रेडिओचं मॉड्यूल. या मॉड्यूलला ३.६ व्होल्टच्या वर वीज सोसत नाही. यूएसबीएएसपीवर ५ आणि ३.३ व्होल्ट निवडायचा जंपर असतो. त्याने तो ३.३ वर ठेवला आणि निश्चिंत झाला.

मी मल्टिमीटर घेऊन बसलो. सॉकेटवरच्या विजेच्या पिनेवर ३.३ आले. मग टोक यूएसबीएएसपीमधल्या एटीमेगा ८ च्या विजेच्या पायावर टेकवलं: ५. म्हणजे जंपर फक्त बाहेर जाणारी वीज बदलतो. मोसी, एससीके, रीसेट या तारा ५ व्होल्टनेच बोलतात. बऱ्याच नकला अशाच असतात. एनआरएफच्या डेटा पिना ५ व्होल्ट सोसतात म्हणून तो वाचला, पण ३.३ वर बसलेल्या ३२८पी च्या पिनांवर ५ व्होल्ट आले की आतल्या संरक्षक डायोडमधून प्रवाह विजेच्या तारेत चढतो आणि ३.३ ची तार वर उचलली जाते. त्या तारेवर एनआरएफ आहे. आज चाललं म्हणून उद्या चालेल असं नाही.

तोडगा दोन. प्रयोग ब्रेडबोर्डवर असेतो प्रोग्राम करताना रेडिओ उपसून ठेवायचा. ३२८पी ला १.८ ते ५.५ कितीही चालतं, तिला बिनधास्त ५ द्या. पुढे रेडिओ सोल्डर झाला तेव्हा ३.३ व्होल्टवर चालणारा ८ मेगाहर्ट्झचा प्रो मिनी घेतला आणि त्यात तेच आयएसपीचं स्केच टाकलं. तो स्वतःच ३.३ वर जगतो, त्यामुळे त्याच्या तारांवर त्याहून जास्त येऊच शकत नाही.

तरीही एकदा पडताळणी मध्येच कोसळायची, कधी पाचव्या किलोबाइटला, कधी विसाव्या. रेडिओ आणि प्रोग्रामर दोघेही मिसोच्या त्याच तारेवर. प्रोग्रामिंगच्या वेळी ३२८पी रीसेटमध्ये असते, तिच्या पिना अधांतरी, म्हणून रेडिओची सीएसएन (त्याला हाक मारायची) तारही अधांतरी. ती मधूनच खाली जायची, रेडिओला वाटायचं आपल्यालाच हाक मारली, आणि तो मिसोवर बडबडायचा. सीएसएनवरून ३.३ ला १० किलोओहमचा रेझिस्टर लावला आणि बडबड बंद. प्रोग्रामरला शिव्या खायला लागल्या त्या फुकट.

निळा बोर्ड

याची कहाणी छोटी. एसटी-लिंकच्या काडीवर एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके, ग्राउंड, ३.३. चार तारा, पहिल्याच झटक्यात जोडला गेला. एक खबरदारी: नकलांमध्ये पिनांचा क्रम वेगवेगळा असतो, म्हणून आपल्या काडीच्या कवचावर काय छापलंय तेच खरं मानायचं. आणि ओपनओसीडी या प्रोग्रामिंग-डीबगिंगच्या सॉफ्टवेअरने ओळख क्रमांक जुळत नाही म्हटलं, हेक्समध्ये १बीए०१४७७ च्या जागी २बीए०१४७७ आला, तर बोर्डावरची चिप एसटीची नाही, तिची नक्कल आहे. कॉन्फिगरेशनमध्ये क्रमांक बदलला की ओपनओसीडी पुढे जातं.

अडकला तो क्यूब या एसटीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट बनवताना. डीबगचा पर्याय निवडायचा राहिला, आणि कोडने सुरू होताच एसडब्ल्यूडीच्या पिना बंद केल्या. एसटी-लिंकला बोर्ड दिसेना. रीसेट धरून जोडायचा पर्याय असतो, पण या काडीवरचा आरएसटी एसटीएम८ साठी असतो, इथे उपयोगाचा नाही. बूट० चा जंपर १ वर टाकला, रीसेट दाबलं. आता चिप आपला कोड न चालवता रॉममधल्या बूटलोडरमध्ये जाते, पिना मोकळ्या राहतात, आणि फ्लॅश पुसता येतं. एसटी-लिंक नसता तरी त्याच अवस्थेत पीए९ आणि पीए१० वरून साध्या यूएसबी-सिरियल ॲडॅप्टरने काम झालं असतं. डीबगिंग मात्र तिथे मिळत नाही, आणि कोड एकेक ओळ थांबवून पाहण्याची चटक भावाला एव्हाना लागली होती.

तीच चटक घेऊन त्याने विचारलं, एव्हीआरवरही असं करता येईल का? यूएसबीएएसपीवर नाही. त्यासाठी ॲटमेल-आइस किंवा स्नॅपच्या वर्गातलं साधन लागतं. मी म्हटलं, जिथे डीबगिंग हवंय ते काम एसटीएम३२ वर कर. उद्या रास्पबेरी पाय पिको घेतलास तर त्याला प्रोग्रामरच लागत नाही. बूटसेल दाबून केबल लाव, फाइल ओढून टाक. आणि एक जास्तीचा पिको असेल तर त्यात डीबगप्रोबचं फर्मवेअर घालून तोच दुसऱ्याचा डीबगर होतो, एसटीएम३२ चासुद्धा.

आता

बारापैकी दहा चिप्स वापरात आहेत. पिक अजून फोममध्येच आहेत. गेल्या महिन्यात त्याने नव्या पिढीच्या एटीटायनी १६१४ मागवल्या आणि यूएसबीएएसपीची वायर हातात घेऊन मला फोन केला. या चिप्स यूपीडीआयवर बोलतात, यूएसबीएएसपीला ती भाषा येत नाही. पण नवीन काही घ्यायचं नव्हतं. यूएसबी-सिरियल ॲडॅप्टर होता, आणि एव्हीआरड्यूड ७.० पासून सिरियलयूपीडीआय आत आलंय. आरएक्स थेट यूपीडीआयच्या पायाला, टीएक्स ४.७ किलोओहममधून. आमच्या ॲडॅप्टरवर ते धड चालेना. रेझिस्टर काढून तिथे शॉट्की डायोड लावला, पट्टीचं टोक टीएक्सकडे, आणि चिप बोलली.

"दादा, सहाच्या जागी तीनच तारा. भारी आहे हे." मग जरा थांबून, "यातही रीसेटवाला फ्यूज आहे का?"

"आहे. यूपीडीआयची पिन साधी करून टाकतो, आणि मग परत १२ व्होल्ट."

"बरं. मग ते पान मी वाचलंच नाही असं समज."